तोबरे वापरून दहा महिने: एक माळ, तीन घोडे, तीन तऱ्हेची चंदी

सासवडकडच्या आमच्या माळावर तीन जनावरं एकत्र चरतात. चंद्रा ही चोवीस वर्षांची कुम्मैत (तांबूस तपकिरी) घोडी, तिच्या दाढा झिजल्यात. बिजली काठेवाडी, गेल्या सप्टेंबरात तिच्या पायाशी शिंगरू होतं. तिसरा बाळू, तट्टू, मूठभर खाल्लं तरी त्याच्या अंगी लागतं. चंद्राला मऊ आणि भिजवलेलं हवं. दूध पाजणाऱ्या बिजलीला पहिले काही महिने एरवीच्या जवळजवळ दुप्पट खुराक हवा. बाळूला मात्र दाणा जवळपास नकोच.

तिघांपुढे तीन घमेली मांडून पाहिली. बिजली कान मागे टाकून चंद्राला हुसकवायची आणि सांडलेलं सगळं बाळू फस्त करायचा. गेल्या श्रावणात एका सकाळी बाळू पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा दिसला. पाऊल उचलेना. खुरांना हात लावला तर गरम. डॉक्टरांनी लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली सूज, सांगितला. कोवळं हिरवं गवत आणि चोरून खाल्लेला दाणा, दोन्ही त्याला बाधलं होतं. त्याच आठवड्यात मी तोबरे, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशव्या, शिवायला टाकले.

ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासचे तीन करून घेतले. पहिल्याला नाकाशी जाळी नव्हती, बाळू त्यात फुरफुरत राहिला. म्हणून परत देऊन दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या लावून घेतल्या. पट्टा किती आवळायचा हे आठवडाभरात हाताला कळलं. सैल राहिला तर घोडा मान झटकून निम्मा दाणा उडवतो, फार आवळला तर नाकपुड्या दाण्यात बुडतात. कोरडा दाणा कधीच भरत नाही, पाण्याचा हबका मारतो, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

आता मुख्य गोष्ट. चंद्रासाठी तोबरा उपयोगाचा नाही. तिचं भिजवलेलं खाणं कॅनव्हासला चिकटतं, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, शिवाय तिला खायला पाऊण तास लागतो. पण बाकी दोघांच्या तोंडाला तोबरा चढला की चंद्राचं घमेलं तिचं एकटीचं होतं! हे मला महिनाभराने उमगलं. तेव्हापासून क्रम ठरला: आधी बाळूला तोबरा, मग बिजलीला, आणि सगळ्यात शेवटी चंद्रापुढे घमेलं. काढताना बाळूचा सर्वांत शेवटी. त्याच्या तोबऱ्यात वाळल्या गवताची ओलसर कुट्टी आणि खनिज मिश्रण एवढंच असतं, तो बराच वेळ चघळत बसतो. बिजलीच्या तोबऱ्यात भरडलेले ओट्स आणि भिजवलेला हरभरा. चंद्राच्या घमेल्यात भिजवलेली चिरलेली लसूणघास, भरडलेले ओट्स आणि थोडी शिजवलेली जवस. कोंडा मी फार देत नाही. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, सतत दिला तर हाडांना बाधतो.

धोका एकच, पण मोठा. तोबरा घातलेला घोडा हौदाजवळ जाता कामा नये. एकदा माझं लक्ष नसताना बिजली तोबऱ्यासकट हौदाकडे वळली. मी धावत जाऊन पट्टा सोडला. तोंड पाण्यात घातलं असतं तर कॅनव्हास भिजून नाकपुड्यांवर चिकटला असता, आत पाणी भरलं असतं आणि तिला श्वास घेता आला नसता. त्या दिवसापासून तोबरे चढण्याआधी दोघांना दाव्यानं बांधतो आणि शेवटचा तोबरा उतरेपर्यंत एक माणूस तिथेच थांबतो. हे जमणार नसेल तर तोबरे घेऊ नका.

गवताचा प्रश्न तोबऱ्यानं सुटत नाही, हेही सांगायला हवं. बैलाचं मुसकं बाळूला लावून पाहिलं, पण जाळीच्या मोठ्या भोकांतून तो जीभ घालून पाती ओढत राहिला. शेवटी माळालगतच तारेचं छोटं कोरडं आवार केलं. तिथून त्याला बाकीच्या दोघी दिसतात, नाकाला नाक लावता येतं, त्यामुळे तो खिंकाळत नाही. गवतातली साखर दिवसा उन्हात वाढते आणि पहाटे सगळ्यात कमी असते, म्हणून त्याला उजाडताच दोन तास चरायला सोडतो. उरलेला दिवस वजनाच्या दीड टक्का हिशोबानं तीन किलोच्या आसपास वाळलं गवत, तेही बारीक भोकांच्या जाळीत. घोड्याचं पोट तासन्‌तास रिकामं ठेवणं बरं नाही.

वजनासाठी शिंप्याची टेप पुरते. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880. सप्टेंबरात बाळूचा घेर 142 आणि लांबी 128, म्हणजे 217 किलो. या जुलैत घेर 134, म्हणजे 193 किलो. बिजलीच्या फासळ्या बाळंतपणानंतर मोजता येत होत्या. फेब्रुवारीत शिंगरू दूध तोडून वेगळं केलं तेव्हा हात दाबल्याशिवाय लागत नव्हत्या. तिथून तिचा दाणा निम्म्यावर आणला.

शेजारच्या गोठ्यातून गोळीपेंड घ्या, स्वस्त पडेल, असं बरेच जण सुचवतात. गाईगुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं आणि ते घोड्याला थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं. पोत्यावर काय लिहिलंय ते न वाचता चिमूटभरही तोबऱ्यात जाऊ देऊ नका.

दहा महिन्यांत एका तोबऱ्याची शिवण उसवली, दुसऱ्याच्या बुडाला भोक पडलं, कारण बाळू रिकामा तोबरा जमिनीवर घासतो. पुढच्या वेळी बुडाला दुहेरी कापड लावणार. आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवावे लागतात, पावसाळ्यात दोन जोड हवेतच.

चंद्रा पूर्वी गवत अर्धवट चावून लगद्याचे गोळे टाकायची. सकाळी गव्हाणीखाली चार-पाच तरी सापडायचे. आता गवत तिला भिजवून, बारीक चिरूनच मिळतं, आणि उन्हाळाभर मला एकही गोळा दिसलेला नाही.