मेक्सिकोची खाद्य-सहल: सहा महिन्यांनंतर काय उरलं

मेक्सिको सिटीत ३ रात्री, पुएब्लात २, वाहाकात ४. चौदा जणांचा गट, एक मुख्य गाइड आणि प्रत्येक शहरात एक स्थानिक जाणकार. सहल जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन ६ फेब्रुवारीला संपली. परतल्या परतल्या लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते. आता सहा महिने झालेत. फोटो मागे पडले आणि रोजच्या स्वयंपाकात काय टिकलं ते नीट कळतंय. सहल चांगली आहे, पैसे वसूल होतात. पण कार्यक्रम आखलाय तो संग्रहालयं आणि चर्चच्या वेळांवर, आणि मेक्सिकोतलं खाणं चालतं बाजाराच्या घड्याळावर. पैसे भरण्याआधी एवढी एक गोष्ट तपासून घ्या.

तिथे तामालेसची, म्हणजे मक्याचं पीठ सालीत बांधून वाफवलेल्या पुड्यांची, पातेली सकाळी लवकर लागतात आणि नऊ-दहापर्यंत तळाला जातात. जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजलेलं मांस, बार्बाकोआ, खायचं ते शनिवार-रविवारच्या सकाळी. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी २ ते ४. ताकोस म्हणजे तोर्तियात, मक्याच्या पातळ भाकरीत, गुंडाळलेलं सारण; त्यातल्या ताकोस अल पास्तोरची मांसाची उभी सळई खरी रंगते अंधार पडल्यावर. ही पद्धत लेबनॉनकडून आलेल्या लोकांच्या शवर्माची, तिथे डुकराचं मांस आणि मिरचीचं वाटण वापरून रुजलेली. वाहाकाची त्लायुदा, म्हणजे ताटाएवढी कडक तोर्तिया, रात्रीची. आमच्या कार्यक्रमात मात्र सकाळी ९ ला संग्रहालय आणि दुपारी साडेतीनला बाजार. त्या वेळी भाजीवाल्या बायका टोपल्या आवरत असतात आणि गिरणीचा पट्टा बंद पडलेला असतो. तीनपैकी दोन बाजार असे उतरतीला बघितले गेले.

वारही तितकाच महत्त्वाचा. वाहाकाच्या आसपासचे आठवडी बाजार ठरलेले: बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. आमचा मुक्काम सोमवार ते शुक्रवार, त्यामुळे सगळ्यात मोठा त्लाकोलुला हुकला आणि ओकोत्लान निघण्याच्या दिवशी आला. हीच सहल शनिवारी सुरू केली तर वाहाका गुरुवार ते सोमवार पडतं आणि तीन बाजार हाती लागतात. सोमवारी मेक्सिको सिटीतली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तो दिवस तिथल्या मेर्सेद बाजाराला द्यावा. फक्त वार बदलायचेत, खर्च वाढत नाही. तसं कंपनीला लेखी कळवलंय.

एक दिवस मात्र अगदी जुळून आला. २ फेब्रुवारीला कांदेलारियाचा सण. ६ जानेवारीच्या गोल गोड पावात ज्याला लहान बाळाची बाहुली सापडते, त्याने या दिवशी सगळ्यांना तामालेस खाऊ घालायचे. स्थानिक गाइडने वाहाकाची बस सुटण्याआधी गटाला पुएब्लातल्या रस्त्यावर नेलं. मक्याच्या सालीत बांधलेला तामाल उघडताना साल पिठापासून स्वच्छ सुटली पाहिजे. चिकटली तर तो अजून कच्चा. ही खूण त्याच दिवशी कळली.

सहलीतला सर्वोत्तम अर्धा दिवस वाहाकातला: पहाटे गिरणी, मग चुलीवरचा मातीचा तवा, कोमाल. यासाठी कंपनीला पूर्ण गुण. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळायची ही प्रक्रिया, निश्तामाल, समजली की उरलेलं मेक्सिकन जेवण आपोआप उलगडतं. चुन्याने दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो, कॅल्शियम वाढतं आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला पण ही कृती नेली नाही, म्हणून मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना तिथे पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, झाला.

घरी करून पक्कं झालेलं प्रमाण असं: १ किलो वाळलेला मका, १० ग्रॅम खायचा चुना, अडीच लिटर पाणी. मका पांढरा मिळाला तर उत्तम. मधुमका चालत नाही. मंद आचेवर ठेवून अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी एक दाणा चिमटीत चोळायचा. साल सरकली पण दाणा मधोमध अजून टणक असला की आच बंद. मग झाकून ८ ते १२ तास तसाच ठेवायचा आणि दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवायचा. वर्गात दिलेला वेळ जसाच्या तसा धरू नका. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचावर आहे, तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. वाहाका १,५०० मीटरच्या वर. मुंबई-पुण्यात मका लवकर शिजतो आणि जास्त शिजला तर पीठ लेईसारखं होतं. कंपनीच्या कृतिपत्रिकेत याचा उल्लेख नव्हता. पहिले दोन घाणे त्यापायी गेले.

दळणं हे खरं अवघड काम. मिक्सरला पाणी जास्त घालावं लागतं, पीठ सैल होतं. इडलीच्या दगडी ग्राइंडरमध्ये मऊ होतं, पण तिथेही थोडं पाणी जातंच; मग निश्तामालचं तयार कोरडं पीठ मूठभर मिसळून घट्ट करायचं. पाटा-वरवंटा असेल तर पाव किलोपर्यंत तोच उत्तम. तिथला मेताते हा त्याचाच भाऊ: तीन पायांचा, पुढे उतरता, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाटायचा.

तोर्तियासाठी गोळा ३० ग्रॅमचा, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबायचा. तवा कडक तापलेला. पहिली बाजू १५-२० सेकंद, उलटून साधारण एक मिनिट, पुन्हा उलटली की फुगली पाहिजे. कडा चिरल्या तर पीठ कोरडं, कागदाला चिकटली तर सैल, फुगली नाही तर तवा थंड किंवा दाब कमी पडला. भाकरी करणाऱ्या हाताला हे दोन दिवसांत जमतं.

मक्यावरूनच एक मोठी चूक सांगायला हवी. मेक्सिको सिटीत सोकालो चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेराने १९२० च्या दशकात चित्रं काढली. त्यांतल्या एका चित्रात मेजाच्या टोकाशी बसून पाव मोडणारा जो माणूस आहे, तो वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवणारे आणि मक्याच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला. मराठी प्रवासी भरलेली सहल या दारावरून गेली आणि आत शिरली नाही! कार्यक्रमात ते नसलं तरी गाइडला आधी सांगून अर्धा तास मागून घ्या. मक्याचं अन्न खायला एवढ्या लांब जायचं आणि त्या मक्यासाठी तिथे राबलेल्या आपल्या माणसाला न बघता परतायचं, हे बरं नाही.

पुएब्ला दोन रात्रींत उरकतं, पण मोलेच्या, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट वाटणाच्या रश्शाच्या, वर्गासाठी तिथे थांबणं सार्थकी लागतं. मोले पोब्लानोत मुलातो, आंचो आणि पासिया या वाळक्या मिरच्या मुख्य, चिपोत्ले थोडी. एकाच मिरचीला ओली असताना एक नाव आणि वाळल्यावर दुसरं, हे आधी डोक्यात बसवा: पोब्लानो वाळली की आंचो, हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. देठ-बिया काढून मिरच्या गरम तेलात मोजके सेकंद परतायच्या. रंग उजळून वास सुटला की लगेच बाहेर. काळ्या पडल्या तर कडवटपणा कशानेही जात नाही, ती तुकडी टाकूनच द्यायची. तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, शिळी तोर्तिया, दालचिनी, लवंग, मिरे हे सगळं वेगवेगळं भाजायचं. काळा मसाला करणाऱ्यांना यात नवं काही नाही. चॉकलेट अगदी थोडं: अर्धा किलो वाटणाला ४० ग्रॅम पुरे. वाटण गाळून घेऊन तेल सुटेपर्यंत परतणं, हाच निम्मा स्वयंपाक. चौदा जणांना दोन शेगड्या दिल्या होत्या, त्यामुळे नेमका हाच भाग बहुतेकांनी लांबून पाहिला. गट आठच्या वर असेल तर शेगड्या किती, हे आधी विचारा.

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर चिलेस एन नोगादा होतं: भरलेली पोब्लानो मिरची, वर पांढरी अक्रोडाची चटणी आणि डाळिंबाचे दाणे. त्याचा हंगाम जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, कारण ताजा अक्रोड आणि डाळिंब तेव्हाच एकत्र येतात. फेब्रुवारीत काही ठिकाणी मिळतं, पण जुन्या अक्रोडाची साल कडवट लागते. त्यासाठीच जाणार असाल तर ऑगस्टची तारीख घ्या.

पुएब्लात कोंपान्यिया चर्चमध्ये कातारिना दे सान हुआन हिची कबर आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून गुलाम म्हणून नेलेली, मनिलामार्गे मेक्सिकोत पोचलेली, १६८८ मध्ये तिथेच वारलेली ही बाई. चिना पोब्लाना या मेक्सिकोतल्या बायकांच्या पारंपरिक पोशाखाशी तिचं नाव लोकांनी नंतर जोडलं. स्थानिक गाइडने तिच्याबद्दल फार मनापासून सांगितलं. पुएब्लाजवळच्या चोलुलाचा पिरॅमिडही छान झाला. बाहेरून ती टेकडीच वाटते आणि माथ्यावर चर्च आहे.

शाकाहारींसाठी थोडं सविस्तर. फॉर्मवर ‘व्हेज’ लिहून काम होत नाही. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर लाल मांस नाही इतकंच धरलं जातं, कोंबडी येऊ शकते. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची: घेवड्याच्या उसळीत आणि तामालेसच्या पिठात डुकराची चरबी, भातात कोंबडीचं पाणी, त्लायुदा आणि मेमेलावर (मक्याच्या जाड भाकरीवर) आसिएंतो नावाचा चरबीचा थर. म्हणून कार्डावर लिहून ठेवा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, सिन आसिएंतो, सिन काल्दो दे पोयो. मान्तेका म्हणजे चरबी, मान्तेकिया म्हणजे लोणी. दोन्हींत गोंधळ नको. जाणकार गाइडने दोन दिवस आधी फोन केला की सोय होते. आयत्या वेळी सांगितलं की ताटात फक्त भात आणि ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, उरतं. बिनधास्त मिळणारं म्हणजे भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया), निवडुंगाच्या नोपालची भाजी, मक्यावरच्या काळ्या बुरशीचं वित्लाकोचे. मेक्सिको सिटीत केसादियाला चीज हवं असेल तर तसं सांगावं लागतं. तळलेली नको, कोमालवरची मागा. गोडात आलेग्रिया घ्या. ही आपली राजगिऱ्याची चिक्की, कारण राजगिरा मूळचा तिकडचाच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ही सहल घेऊ नये असंच प्रामाणिक मत आहे.

पहिल्याच रात्री सात ठिकाणी ताकोस खात फिरायचा कार्यक्रम ठेवला होता, हे चुकलं. लांबचा प्रवास, उंची आणि जड जेवण यांनी तिघांची पोटं बिघडली आणि दोष उगाच रस्त्यावरच्या अन्नावर गेला. पहिला दिवस हलका ठेवा, दारू दुसऱ्या दिवसावर ढकला. नळाचं पाणी दात घासायलाही नको. बाजारातल्या शौचालयासाठी ५ आणि १० पेसोंची नाणी खिशात हवीत. एटीएमवर रुपयांत रूपांतर करू का असं विचारलं तर नकार द्या, पेसोंतच पैसे काढा. वीज १२७ व्होल्टची. व्हिसाचं म्हणाल तर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागत नाही; तरी निघण्याआधी नियम ताजे करून घ्या.

मेस्काल या दारूची भट्टी पाहण्यासारखी: आगावे या घायपातासारख्या झाडाचे गड्डे दगडांच्या तापल्या खड्ड्यात मातीखाली काही दिवस भाजतात, धुराचा वास तिथून येतो. शेवटी दुकानात दीड तास गेला, तेवढा वेळ नको होता.

आणलेल्या सामानापैकी मोलेचं वाटण सर्वांत टिकलं. विमानात ते द्रवात मोजतात, म्हणून मोठ्या बॅगेतच ठेवायचं. १०० ग्रॅम वाटणाला ३०० मिली गरम पाणी किंवा भाज्यांचं स्टॉक, थोडं थोडं घालत ढवळायचं. मिरच्यांचं मात्र पावसाळ्यात जपावं लागलं. आंचो आपल्या मिरचीसारखी कुरकुरीत नसते, चामड्यासारखी मऊ असते, आणि जूनच्या दमट हवेत डब्यातल्या डब्यात तिला पांढरी बुरशी धरते. ब्याडगीने रंग येतो, पण आंचोचा मनुकेसारखा गोडवा येत नाही, त्यामुळे तिला पर्याय नाही. मे महिन्यातच देठ-बिया काढून, हवा दाबून काढलेल्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या मिरच्या आजही पहिल्या दिवसासारख्या वास देतात.