काळाचौकीचा वाचनवर्ग: नातवाचे चार महिने

महापालिकेच्या शाळेत मी 31 वर्षं शिकवलं, त्यामुळे शिकवण्यांकडे जरा कडक नजरेनेच बघते. नातू चौथीत. धडा घडाघडा म्हणून दाखवायचा, पण मधल्याच ओळीवर बोट ठेवलं की गप्प. आधीच्या क्लासला वर्षाचे 14 हजार भरले. तिथे नुसती प्रश्नोत्तरं उतरवून घ्यायचे.

इथे, चाळीतल्या एका खोलीत, ताईंनी आधी इयत्ता विचारलीच नाही. एक कागद पुढे केला. त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट. नातू शब्दांवर अडकला, म्हणून शब्दांच्या गटात बसला. शेजारी दुसरीतली दोन मुलं आणि पाचवीतली एक मुलगी. तिला कमीपणा वाटेल, अशी मला धास्ती होती. पण दर महिन्याला पुन्हा वाचून घेतात आणि गट बदलतो, त्यामुळे कुणावर शिक्का बसत नाही.

ही वाट मुंबईनेच दाखवलेली आहे. 'प्रथम' संस्था इथे 1995 मध्ये सुरू झाली. तिच्या बालसख्या, म्हणजे वस्तीतल्याच मुली, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायच्या. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात हे काम तपासलं. मुलांचे गुण वाढले होते, आणि सर्वांत जास्त फायदा तळाच्या मुलांचा झाला होता. देशाचा निकाल सुधारायचा तर सुरुवात इथूनच करावी लागेल, असं माझं ठाम मत आहे. पुस्तक संपवायच्या घाईत मीही कितीतरी मुलं मागे ठेवली. ते अजून मनाला लागतं.

शनिवारी वर्ग बंद असतो, त्याची काही पालक तक्रार करतात. मला मात्र तेच आवडलं. त्या दिवशी सगळ्या ताई एकत्र बसून एकेका मुलाबद्दल बोलतात, पुढच्या आठवड्याचं ठरवतात. सिंगापूरमध्ये शिक्षकांना प्रशिक्षणासाठी वर्षाला 100 तास मिळतात. आमच्याकडे असा वेळ मागितला की जनगणनेचं नाहीतर निवडणुकीचं काम हाती यायचं.

उणिवा आहेत. खोली एकच, त्यामुळे दोन गटांचे आवाज एकमेकांत मिसळतात. हातच्याची वजाबाकी छान घेतात, भागाकार कच्चा राहतो. पावसात जिना फार निसरडा होतो, लहान मुलाला हात धरूनच न्या. फी महिना 500.

गेल्या आठवड्यात नातू गोष्टीच्या गटात गेला. 'र्य' आणि 'ऱ्य' अजून गोंधळतात. मी त्याला वार्षिक परीक्षेपर्यंत तिथेच ठेवणार आहे.