एक मोठं व्याख्यान की वर्गातला छोटा तास?

10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सभागृहात नववी-दहावीची तीनशे मुलं बसवून डॉक्टरांचं व्याख्यान ठेवणं सोपं. विषय सगळ्यांच्या कानावर जातो, पण इतक्यांसमोर हात वर कोण करणार?

आमचा कल वर्गातल्या तासाकडे आहे. पंधरवड्यातून एकदा, 40 मिनिटं. आधी झोप, परीक्षेची भीती, चिडचिड यांतला एकच विषय. शेवटची दहा मिनिटं मनातलं लिहून पेटीत टाकायच्या चिठ्ठ्यांना. चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच, काही नसेल तर कोरी. ऐच्छिक ठेवली तर लिहिणारा लगेच ओळखू येतो आणि पुढच्या वेळी पेटी रिकामी. इंदूरची आपली मुलं घरी मराठी, शाळेत हिंदी. ‘रात को घबराहट होते’ असंच लिहितील. भाषा सुधारू नका. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी नव्हे, समुपदेशकाने वाचाव्यात. अक्षर ओळखीचं असतं.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच तासाला सांगा: जिवाला धोका दिसला तर त्याच दिवशी पालकांना कळवणार. धोका घरातूनच असेल तर 1098, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन. फळ्याच्या कोपऱ्यात टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर कायम लिहिलेला असू द्या, चोवीस तास चालतो.

समुपदेशक नसेल तर पेटी ठेवूच नका. उत्तर न मिळालेली चिठ्ठी मुलाला जास्त एकटं पाडते.