एडीएचडीची तपासणी: जिल्हा रुग्णालय की थेट नागपूर?

पोरगं वर्गात बसत नाही, वही अर्धी सोडतं, दप्तर विसरतं. गावात त्याला ‘वांड’ म्हणून मोकळे होतात. पण हे घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त दिसत असेल आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालं असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराची, तपासणी करून घ्याच.

सुरुवातीला मला जिल्ह्याचं पारडं जड वाटतं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडी धरलेला आहे. त्याचं पथक शाळेत येतं, संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तपासणी मोफत. शिवाय इथे एका भेटीत भागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलासाठी आधी आईबापांनाच प्रशिक्षण देतात. मोठ्याला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू झालं की भूक, झोप, वजन, रक्तदाब वरचेवर पाहावाच लागतो. सोयाबीनच्या सवंगणीत दर खेपेला नागपूर कोणाला जमतं? मग गोळी मधेच सुटते.

नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), एम्स किंवा वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं रुग्णालय इथे मानसोपचार विभाग आहेत. सोबत फिट येत असेल, शिकण्यात मोठी अडचण असेल किंवा जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञच नसेल, तर तिकडेच जा. शाळेतल्या वागण्याबद्दल मास्तरांनी लिहिलेली चिठ्ठी मात्र दोन्हीकडे न्या. तिच्याशिवाय डॉक्टरला अर्धंच चित्र दिसतं.

अंगारे-धुपाऱ्यात वर्ष घालवू नका. निघण्याआधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत विचारता येतं.