अलेसिस एडॅट एक्सटी: बडोद्यातल्या पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

एडॅट एक्सटी म्हणजे अलेसिस कंपनीचं, व्हिडिओ कॅसेटवर डिजिटल आवाज भरणारं आठ ट्रॅकचं मशीन. निकाल आधीच सांगून टाकतो. जुन्या एडॅट कॅसेटा कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर घ्या. ‘टेपची ऊब’ हवी म्हणून नवी गाणी यावर रेकॉर्ड करायची असतील तर पैसे वाया जातील. टेप असली तरी तिच्यावर आकडेच लिहिले जातात. ॲनालॉग स्पूल मशीनवर लेव्हल वाढली की आवाज जरा दबतो, गोलावतो, आणि लोक त्यालाच ऊब म्हणतात. इथे मीटरवर शून्याच्या वर गेलात की आवाज सरळ फाटतो. नवरात्राच्या आधी गरब्याचं रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा ढोलवाल्याला हे मुद्दाम ऐकवलं. पहिल्याच थापेला त्याने हेडफोन काढून ठेवला.

नव्या मुलांसाठी थोडं सांगतो. एडॅट पहिल्यांदा लोकांसमोर आलं १९९१ मध्ये आणि विकायला आलं १९९२ मध्ये. एस-व्हीएचएस (व्हीएचएसचाच सुधारित प्रकार) कॅसेटवर आठ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. बिट जास्त तितका बारकावा जास्त. १६ मशीन एकमेकांना जोडली की १२८ ट्रॅक. १२० मिनिटांची कॅसेट इथे साधारण ४० मिनिटांत संपते, कारण टेप व्हीसीआरच्या तिप्पट वेगाने पळते आणि आतला, हेड बसवलेला ड्रम मिनिटाला ३००० फेरे घेतो. एक्सटी हे त्याच घराण्यातलं पुढचं मशीन, जास्त चपळ, पण १६ बिटांचंच. पुढे एक्सटी-२० आलं, ते २० बिटांचं. त्यावर भरलेल्या २० बिटांच्या कॅसेटा साध्या एक्सटीवर वाजत नाहीत. उलटं मात्र चालतं. तुमच्याकडच्या कॅसेटा कुठल्या आहेत ते पाहूनच मशीन शोधा.

माझं मशीन सेकंडहँड, मुंबईहून आलेलं. विकणारा म्हणाला, ‘एकदम चालू आहे.’ चालू म्हणजे दिवे लागत होते. टेप पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर वयामुळे कडक होऊन चकाकत होतं, त्यामुळे टेप सरकायची. रावपुऱ्यातल्या एका जुन्या व्हीसीआर मेकॅनिककडे नेलं. त्याने झाकण उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, आत सगळं व्हीसीआरच आहे, फक्त याला घाई जास्त.’ हेड कसे पुसायचे ते त्यानेच दाखवलं. मऊ चामड्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसती टेकवायची, पट्टी स्थिर ठेवून ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतो. कानातल्या काडीचा कापूस चालत नाही, त्याचे तंतू हेडमध्ये अडकतात. रबराला आयसोप्रोपिल लावायचं नाही. एवढं पथ्य पाळल्यापासून मशीन निमूट चाललंय.

खरा शत्रू आपली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये स्टुडिओत एसी चालू, ड्रम गार, आणि कोणी दार उघडं टाकलं की बाहेरची दमट हवा त्या गार धातूवर बसते. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि गुंडाळली जाते. म्हणून पावसाळ्यात मशीन लवकर चालू करून गरम होऊ देतो, मगच कॅसेट घालतो. कॅसेटांचं आणखी वेगळं. कॅसेट प्रकाशात धरून तिच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी पूड दिसते का ते आधी बघा. ती बुरशी असते. तशी कॅसेट घातली तर हेड तर भरतातच, वर पुढच्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. विश्वामित्रीच्या २०२४ च्या पुरानंतर अशा कॅसेटा बऱ्याच आल्या. त्यातल्या काही मी मशीनजवळसुद्धा नेल्या नाहीत.

आता ज्यासाठी मशीन वसूल झालं ते. दांडिया बाजारातल्या एका काकांनी नव्वदच्या दशकातली त्यांची अभंगांची कॅसेट आणली. लावली, आठही ट्रॅक आले, पण काका गोंधळले. ‘अहो, हा मी नाही, माझा धाकटा भाऊ वाटतोय.’ पेटी काढून सूर पाहिला. काका गायचे काळी एकमध्ये आणि कॅसेट वाजत होती पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध. पेटीच्या दीड पट्टीच्या आसपास चढ म्हटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या एडॅटचा मूळ वेग ४८ किलोहर्ट्झ. सीडीसाठी ४४.१ हवं असलं की लोक पिच, म्हणजे टेपचा वेग, १४७ सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीची एक पट्टी) खाली आणून रेकॉर्ड करायचे, आणि कॅसेटच्या लेबलवर तसं लिहायचं राहून जायचं. एक्सटीचं पिच १४७ खाली घेतलं आणि काका खुर्चीत सावरून बसले. अशी कॅसेट आली की आधी गायकाचा सूर विचारा, मगच उतरवा.

उतरवायला ऑप्टिकल केबल पुरते, आठही ट्रॅक एकदम जातात. फक्त इंटरफेसचं (कॉम्प्युटरला आवाज पोचवणाऱ्या डब्याचं) क्लॉक, म्हणजे नमुने मोजण्याचा ठेका, ‘ऑप्टिकल’वर ठेवा. कॉम्प्युटर स्वतःच्या क्लॉकवर राहिला तर मधून मधून टिकटिक येते आणि माणूस उगीच कॅसेटला दोष देतो. वेळ मात्र पूर्ण लागतो, ४० मिनिटांची कॅसेट म्हणजे ४० मिनिटं. दोन कॅसेटांवरचं १६ ट्रॅकचं काम एकाच मशीनवर उतरवताना नंतर हाताने जुळवावं लागतं. तबल्याच्या पहिल्या थापेवर जुळवलेलं बरं पडतं.

रेकॉर्डिंगही करून पाहिलं, भजनी मंडळाचं. पंच केलं, म्हणजे मधलाच तुकडा पुन्हा भरला, की आधीचं कायमचं पुसलं जातं, हे कळल्यावर मंडळी तालमीला वेळेवर येऊ लागली. हा फायदा खराच. पण तानपुऱ्याचा शेवट विरताना १६ बिटांचा तळ, म्हणजे खालची सुरसुर, मला जाणवतो, त्यामुळे शास्त्रीय गाणं परत कॉम्प्युटरवर घेतो.

२०१६ मध्ये व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनीही थांबली, त्यामुळे सुट्या भागांची आशा बंद पडलेल्या मशीनवरच. मी दुसरं एक्सटी शोधतोय. दिवे लागत नसले तरी घेईन, फक्त रोलर शाबूत हवा.