जामीन झाला, तरी ७३ दिवस आत: मोफत वकील आणि संस्थेच्या मदतीचा माझा अनुभव

मी वायरमन आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला एका फ्लॅटमध्ये पंखे बसवून घरी आलो आणि रात्री पोलीस दारात. त्या घरातले दागिने गेले होते. केस अजून चालू आहे, म्हणून गुन्ह्याबद्दल काही लिहीत नाही. ज्या संस्थेने मदत केली तिचं, तिथल्या ताईंचं आणि वकील मॅडमचं नावही त्याच कारणाने देत नाही. पण सेवा कशी होती ते लिहायलाच हवं. आई दारोदार चौकशी करत होती तेव्हा तिला नीट सांगणारं एक माणूस भेटलं नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज आम्हाला महागात पडला. फुकट मिळतो तो सरकारी वकील, आणि सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूचा, असं चाळीत सगळ्यांनी सांगितलं. आईने पोळ्यांच्या कामावरून उचल घेऊन १५ हजार रुपये एका खासगी वकिलाला दिले. त्याने वकीलपत्रावर सही घेतली, एका रिमांडला उभा राहिला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. खरं काय ते आता मला पाठ आहे. सरकारी वकील फिर्यादी पक्षाचा. विधी सेवा प्राधिकरणातून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेतून, मिळतो तो आपला, आरोपीचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जो कोठडीत आहे त्याला उत्पन्न न बघता हा वकील मिळतो. बाईमाणूस असेल तर तिलाही. २०२२ च्या योजनेपासून बऱ्याच जिल्ह्यांत 'लोकअभिरक्षक कार्यालय' सुरू झालंय. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, त्यांना खासगी केस घेता येत नाही.

पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हाच आरोपीला हा हक्क सांगायला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने खत्री खटल्यात १९८० मध्येच म्हटलंय. मला विचारलं होतं, "वकील आहे का?" मी हो म्हणालो. १५ हजार दिलेले होते ना.

मोफत वकील मिळाला तो ४७ व्या दिवशी. बराकीतले एक काका, स्वतः शिक्षा भोगणारे, तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात अर्ज लिहून देतात. त्यांनी माझा फॉर्म भरला आणि विचारलं, "आधीच्या वकिलाची ना हरकत आहे का?" ती आणायला आईच्या चार फेऱ्या झाल्या. तुम्ही खासगी वकील सोडून इकडे येणार असाल तर हा कागद आधी मिळवा, नाहीतर फाईल तिथेच अडते.

वकील मॅडम पहिल्यांदा व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातल्या व्हिडिओ कॉलवर, दिसल्या. आठ-दहा मिनिटं बोलल्या असतील. घरी कोण आहे, त्या खोलीत किती वर्षं राहता, आधी कुठली केस आहे का, एवढंच विचारलं. चोरी केली का, हे विचारलंच नाही. मला तेव्हा ते खटकलं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, आणि ऐकून घेणारं माणूस पहिल्यांदाच समोर बसलं होतं. पण मॅडमनी चार्जशीट ओळ न ओळ वाचली होती. जप्ती पंचनाम्यात दागिना एकही नव्हता. होती ती माझी हत्यारांची पिशवी, आणि तिच्यापुढे लिहिलेलं 'घरफोडीचे साहित्य'. ड्रिल, टेस्टर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर. मॅडमनी अर्जात माझ्या कामाच्या पावत्या जोडल्या आणि लिहिलं की हे वायरमनचं पोट भरायचं साहित्य आहे. मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला, सेशन्सने ६ मे ला जामीन दिला.

वकिलाच्या कामाबद्दल माझी तक्रार एकच, आणि ती मॅडमची नाही. त्यांच्यावर फाईलींचा डोंगर आहे. एका तारखेला त्यांच्याऐवजी दुसरे वकील आले, त्यांनी फाईल उघडलेलीही नव्हती, आणि तारीख पुढे गेली. बाहेरच्या माणसाला ती नुसती एक तारीख वाटेल. आतल्याला ते १४ दिवस असतात.

आता खरी गोष्ट. जामीन झाला आणि मी ७३ दिवस आतच राहिलो.

आदेश होता २५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे माझं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आम्ही भाड्याच्या खोलीत. मामाची जमीन बीडकडे, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, आणि कोर्टात सही करायची म्हटल्यावर मामी रडायला लागली. रोज संध्याकाळी सुटणाऱ्यांची नावं पुकारायचे. पहिला आठवडा मी कपड्यांची घडी करून बसायचो. मग घडी करणं सोडून दिलं.

मला नंतर कळलं की यावरही नियम आहेत. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत आहे की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. माझ्या वेळी हे कुणी हलवलं नाही. देशात तुरुंगात असलेल्या दर चार माणसांत तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे केस चालू असलेले, शिक्षा न झालेले. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२. त्यातले माझ्यासारखे जामीन होऊनही बसलेले किती, हा विचार मला अजून रात्री झोपू देत नाही.

संस्थेच्या ताई भेटल्या त्या जूनच्या शेवटी. त्या वकील नाहीत, समाजकार्य शिकलेल्या आहेत. आपल्याकडे तुरुंगांत असं काम जुनं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून चालतो. माझी संस्था वेगळी, लहान. ताई बराकीच्या यादीतून 'जामीन झालेले, न सुटलेले' अशी नावं शोधत होत्या. त्यांनी वहीत माझी खोली, आईचं काम, बहीण कामाला जाते त्या दुकानाचा मालक, मामाचं गाव, सगळं लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी आईकडे गेल्या. आई म्हणते, त्या पहिल्या बाई ज्यांनी घरात येऊन पाणी मागितलं.

त्यांनी केलेलं काम कागदावर मांडलं तर लहान दिसेल. मॅडमना रोज फोन करून जामीनदाराऐवजी तात्पुरता रोख जामीन मिळावा असा अर्ज करायला लावला. कोर्टाने सहा आठवड्यांसाठी १० हजार रोख भरायला परवानगी दिली. आईने ६ हजार जमवले, संस्थेने ४ हजार घातले. पैसे भरल्याची पावती, सुटका आदेश, त्यावरचा शिक्का, हे या टेबलावरून त्या टेबलावर ताई स्वतः घेऊन फिरल्या, कारण आदेश वेळेत तुरुंगाच्या जामीन पेटीत (सुटकेचे आदेश टाकायची पेटी) पडला नाही तर आणखी एक रात्र जाते. १८ जुलैला मी बाहेर आलो. एकूण १६० दिवस. सहा आठवड्यांच्या आत बहिणीच्या दुकानमालकांनी पगारपत्रक आणि रेशन कार्ड देऊन जामीनकी घेतली. त्यांना समजावायलाही ताईच गेल्या होत्या: आरोपी तारखेला हजर राहिला तर तुमचा एक रुपया जात नाही.

सुटल्यावर संस्था काय करते, हे कुणी विचारत नाही. मला तेच जास्त उपयोगी पडलं. माझी हत्यारं मुद्देमालात होती. त्यांच्याशिवाय मी वायरमन नाही, नुसता सुटून आलेला माणूस. कोर्टाच्या मानाने ती पिशवी किरकोळ. ताईंनी मॅडमच्या मागे लागून मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज टाकायला लावला, आणि ऑक्टोबरमध्ये पिशवी सुपुर्दनाम्यावर मिळाली: विकायची नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. ड्रिलला सुतळीने बांधलेलं लेबल होतं, त्यावर गुन्हा नंबर आणि पंचांच्या सह्या. ड्रिलचं बिट पकडणाऱ्या तोंडाला, म्हणजे चकला, गंज चढला होता. मी पोलीस ठाण्याच्या पायरीवरच बसून तो रॉकेलने पुसला. ताई शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

तोवरचे तीन महिने संस्थेने ओळखीच्या एका कंत्राटदाराकडे हेल्परचं काम लावून दिलं. कंत्राटदाराला केसबद्दल सगळं आधीच सांगितलं होतं. ही गोष्ट मला फार आवडली, कारण लपवून मिळालेलं काम कधीही जातं.

उणीव मात्र आहे, आणि ती मी ताईंना तोंडावर सांगितली आहे. संस्थेची मदत सुटल्यापासून सहा महिने. केस वर्षानुवर्षं चालते. जानेवारीत फोन थांबले आणि त्यानंतरच्या दोन तारखांना मी कोर्टात एकटा होतो. एकदा चुकीच्या मजल्यावर बसून राहिलो आणि पुकारा हुकला. वॉरंट निघता निघता राहिलं. निधी नाही, माणसं दोनच, हे मला दिसतं. तरी निदान तारखेच्या आदल्या दिवशी एक मेसेज यावा. तेवढ्यासाठी पाचपैकी चारच तारे देतो. आणि खासगी वकिलाकडे जायच्या आधी मोफत वकिलाकडे आणि अशा संस्थेकडे जा, असं मी प्रत्येकाला सांगेन.

ज्यांचं माणूस आत्ता आत आहे त्यांच्यासाठी: विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. फोनवर काम झालं नाही तर जिल्हा कोर्टात जाऊन लोकअभिरक्षक कार्यालय विचारा. अकराच्या आधी पोचा, नंतर वकील कोर्टात असतात. गुन्हा नंबर, पोलीस ठाण्याचं नाव, अटकेची तारीख आणि पुढची तारीख एका कागदावर लिहून न्या. जामीन झाला असेल तर तो आदेश कधीचा आहे तेही लिहा, आणि खोलीत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा तेच सांगा.