टायटनचं तिकीट: दोन कोटींत नेमकं काय मिळत होतं?

ओशनगेट या अमेरिकी कंपनीच्या, पुढे खोल समुद्रात चिरडल्या गेलेल्या 'टायटन' पाणबुडीतून टायटॅनिकचे अवशेष बघायला 2023 मध्ये माणशी अडीच लाख डॉलर पडत, म्हणजे तेव्हाचे दोन कोटी रुपये. पैसे भरणाऱ्याला प्रवासी म्हणायचं नाही, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचं. प्रवासी म्हटलं की अमेरिकेचे सागरी सुरक्षेचे नियम लागू होतात, त्यातून काढलेली ही पळवाट. सही करायच्या कागदाच्या पहिल्याच पानावर मृत्यूचा उल्लेख तीनदा. तेवढं मात्र खरं लिहिलं होतं.

आत खुर्च्या नाहीत, पाच जणांनी खाली फतकल मारून बसायचं. शौचालय खिडकीपाशीच, पडद्याआड. दार बाहेरून बोल्टांनी आवळलेलं, त्यामुळे सुखरूप वर आलात तरी आतून उघडत नाही. चालवायला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. जगाने सगळ्यात जास्त टिंगल केली ती त्याची, आणि नेमकी तीच अस्थानी होती. अमेरिकी नौदलही काही पाणबुड्यांत पेरिस्कोपसाठी एक्सबॉक्सचा कंट्रोलर वापरतं.

खरी गोम कवचात होती. 3,800 मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 390 किलो दाब असतो. एवढ्या खोल जाणाऱ्या पाणबुड्यांत माणसं सहसा धातूच्या गोलात बसतात, कारण गोलावर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. भारताच्या 'मत्स्य 6000' या खोल समुद्रात माणसं नेण्यासाठीच्या पाणबुडीचा गोल टायटॅनियमचा आहे, 80 मिलिमीटर जाड. पण गोलात दोन-तीनच माणसं मावतात आणि त्यात धंदा बसत नाही. म्हणून टायटनला सुमारे 13 सेंटीमीटर जाडीची कार्बन फायबरची नळी, दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट आणि नळी व धातूच्या कड्यांमधला सांधा चिकटवलेला. फायबरचं बळ दोरीसारखं, ओढलं तर सोसणारं. इथे त्याला चहूबाजूंनी दाबायचं होतं. नळी एकेक इंचाचे पाच थर चढवून केलेली. प्रत्येक थर भट्टीत पक्का केल्यावर वर सुरकुत्या आल्या, त्या घासून काढल्या. म्हणजे तिथले धागेच कापले गेले. आत पोकळ्याही राहिल्या. दर बुडीला दाब चढतो-उतरतो आणि असे थर पापुद्र्यांसारखे सुटू लागतात. धातूसारखं आधी वाकून दाखवणं या मालाच्या स्वभावात नाही.

कवचाला काही झालं तर आवाज टिपणारी यंत्रणा आधीच सांगेल, ही कंपनीची मोठी जाहिरात. 15 जुलै 2022 ला, 80 व्या बुडीवरून वर येताना मोठा दणका ऐकू आला आणि त्यानंतर कवचावरचा ताण मोजणाऱ्या ताणमापकांचे आकडे बदलले. यंत्रणेने सांगायचं ते सांगितलं होतं. नोंदी नीट तपासल्या गेल्या नाहीत. पुढचा हिवाळा पाणबुडी न्यूफाउंडलंडमध्ये उघड्यावर पडून होती. 18 जून 2023 ला ती आतल्या आत चिरडली गेली. कंपनीचा प्रमुख स्टॉकटन रश धरून पाचही जण गेले. जहाजं-पाणबुड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र घेतलेलंच नव्हतं, आणि त्यावरून जाणकारांनी 2018 मध्येच लेखी इशारा दिला होता.

वाहिन्यांनी मात्र चार दिवस 96 तासांच्या ऑक्सिजनचं उलटं घड्याळ चालवलं. पाणबुडी चिरडल्यासारखा आवाज अमेरिकी नौदलाच्या यंत्रणेने 18 तारखेलाच टिपला होता. लोकांना कळलं 22 ला, अवशेष सापडल्यावर. त्याआधी 14 जूनला ग्रीसच्या पायलॉसजवळ स्थलांतरितांनी खचाखच भरलेली मासेमारी बोट बुडाली होती. अंदाजे 750 जणांतले 104 वाचले. तिच्यासाठी कुणी पडद्यावर घड्याळ लावलं नाही. अब्जाधीश, टायटॅनिक आणि 'हौसेने गेले, भोगा' म्हणायची सोय, हे तिन्ही एकत्र आलं की प्रेक्षक जागचा हलत नाही.

कंपनीने जुलै 2023 मध्येच काम थांबवलं. दुसऱ्या कुणाकडे अशी बुडी घ्यायचीच असेल, तर पैसे देण्याआधी डीएनव्ही किंवा एबीएस अशा वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र मागा, आणि ते किती मीटरसाठी आहे तो आकडा वाचा. टायटनच्या खिडकीला बनवणाऱ्याने हमी दिली होती ती फक्त 1,300 मीटरची, असं कंपनीतून काढलेल्या तिच्याच सागरी विभागप्रमुखाने कोर्टात म्हटलं होतं.